माझेच दात, मीच खाल्ले

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत तुमचे. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या."

मला वाटलं, टोलवाटोलवी चालली आहे. दुखतोय डावा कान आणि दाखवायचे दात? त्याआधी कानशिलं ठणकतात म्हणून मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता, सायनस असेल म्हणून महिनाभर वाफ घेतली होती, उशी दोनदा बदलली होती. सकाळी उठलं की असं वाटायचं, रात्रभर कुणीतरी डोक्याभोवती पट्टा आवळून ठेवला होता आणि आत्ताच सोडलाय. कामाला बसेपर्यंत ते विरायचं. दुपारी कुणी विचारलं असतं तर मी "काही नाही, मस्त आहे" म्हणालो असतो. म्हणूनच या दुखण्याने दीड वर्ष खाल्लं.

डॉक्टरांनी माझंच बोट माझ्या कानापुढे ठेवायला लावलं. "आता तोंड उघडा. मिटा." बोटाखाली काहीतरी सरकलं आणि कट्कन वाजलं. "हा जबड्याचा सांधा. कान याच्या अगदी भिंतीला भिंत लावून आहे. दुखतं याचं आणि आरडाओरडा त्याच्या दारात."

दातांच्या डॉक्टर बाईंनी आरसा आत फिरवला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "तुम्ही रात्री दात खाता."

"नाही," मी म्हणालो. आणि ठासून म्हणालो. बायको शेजारी झोपते, तिची झोप अशी की पानाने कूस बदलली तरी जाग यावी. रात्री करकर आवाज आला असता तर तिने पहिल्याच रात्री कोपर मारलं असतं.

त्यांनी वाद घातला नाही, आरसा माझ्या हातात दिला. गालाच्या आतल्या बाजूला, दातांची ओळ जिथे टेकते त्या उंचीवर, एक पांढरी रेघ होती, मागपासून पुढपर्यंत. जिभेच्या कडा कातरल्यासारख्या, एकेका दाताचा ठसा उठलेला. मग त्यांनी माझे सुळे दाखवले. "सुळा म्हटल्यावर टोक हवं ना?" दोन्हींची टोकं गायब, कानशीने घासल्यासारखी सपाट, आणि त्या सपाटीच्या मधोमध पिवळसर ठिपका. इनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं आवरण, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. ते झिजून त्याखालचा थर, डेंटिन, डोकावत होता, म्हणून पिवळं. शेवटी त्यांनी जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर बोटं ठेवली. "आवळा दात." स्नायू असा टरारून आला की मी स्वतःच दचकलो. माझा चेहरा हल्ली चौकोनी दिसतो असं बहीण म्हणायची, ते मी वयावर टाकलं होतं.

तरी पटलं नाही. घरी येऊन तीन रात्री फोनवर आवाज रेकॉर्ड केला. पंख्याची घरघर, बायकोचा खोकला, पहाटे तीन-वीसला एकदा 'तक्'. करकर कुठेच नाही. विजयी मुद्रेने ते रेकॉर्डिंग घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेलो. (माणूस आपल्या विरुद्धचा पुरावा खोडायला किती मेहनत घेतो!) डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "दात घासणारे वेगळे आणि आवळणारे वेगळे. घासणाऱ्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. आवळणाऱ्यांचा बाजूच्या उशीवरही पोचत नाही. तुम्ही बरेचसे आवळणारे."

मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे दुखण्याआधी मला शब्द चिकटला. वैद्यकात याला ब्रुक्सिझम म्हणतात. मुळाशी दात करकरण्याचा ग्रीक शब्द. 1907 मध्ये फ्रेंचमध्ये याला 'ब्रुक्सोमानी' म्हटलं गेलं, म्हणजे जवळजवळ वेडच ठरवलं. आता तसं कुणी म्हणत नाही. 2018 मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकमताने असं मांडलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात हा विकार धरूच नये, ही चावण्याच्या स्नायूंची एक क्रिया आहे. कुणात ती निरुपद्रवी राहते, कुणात दात फोडते. मला मात्र आपला 'दात खाणे' सगळ्यांत चोख वाटला. इतकी वर्षं मी तो वाचत आलो होतो, त्यातलं व्याकरणातलं कर्म कोणतं हे समजून न घेता. खाल्ले जातात ते दातच.

उपाय त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: नाइट गार्ड. रात्री दातांवर बसवायचं एक कडक पारदर्शक कवच. आणि इथे मी शहाणपणा केला. त्यासाठी माप घ्यायचं, प्रयोगशाळेत बनवून घ्यायचं, चार खेपा घालायच्या, हे सगळं कशाला? तयार मिळतात की. गरम पाण्यात टाकून मऊ करायचं, तोंडात धरून चावायचं, झाला आपल्या दातांचा साचा. मी तो आणला.

पहिल्या दोन रात्री बरं वाटलं. मग मी ते चघळायला लागलो. झोपेत, रबरासारखं. सकाळी कानशिलांबरोबर जबडाही भरून यायला लागला. सातव्या आठवड्यात डाव्या बाजूला मागे ते आरपार फाटलं, उजेडाला धरलं तर भोकातून खिडकी दिसायची. त्याच आठवड्यात खालच्या डाव्या दाढेत कळ येऊ लागली. विचित्र कळ. चावताना काही नाही, चावून दात सोडला की सण्णकन.

डॉक्टरांनी प्लास्टिकची एक छोटी काडी घेतली, टोकाला एवढासा खळगा असलेली. दाढेच्या एकेका उंचवट्यावर तो खळगा बसवायचा, मला चावायला सांगायचं आणि "सोडा" म्हणायचं. पहिला उंचवटा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला "सोडा" म्हटल्याबरोबर माझा पाय खुर्चीवरून उडाला. "तडा गेलाय," त्या म्हणाल्या. चावताना तड्याच्या दोन कडा किंचित फाकतात आणि सोडताना पटकन मिटतात. त्याने डेंटिनच्या बारीक नळ्यांतला द्रव हलतो आणि आतली नस बोंबलते. एक्स-रेमध्ये तडा दिसला नाही. असे तडे पुष्कळदा दिसत नाहीत म्हणे.

तयार गार्डबद्दल त्या रागावल्या नाहीत. कुणाकुणाला मऊच मानवतं. पण काही जणांच्या जबड्याला दाताखाली मऊ काही आलं की तो ते चावतच बसतो, आणि मी त्यातला. शिवाय माझ्या त्या साच्यात शेवटची दाढ आलीच नव्हती. काही दात झाकलेले आणि काही उघडे असं महिनोन्‌महिने राहिलं तर उघडे दात हळूहळू वर सरकू शकतात आणि दातांची बैठकच बिघडते. हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. निदान मी वाचलं नव्हतं, आणि माझा तर धंदा वाचण्याचा.

मधल्या काळात मी दुसऱ्या एका ठिकाणीही मत घेतलं. तिथे सुचवलं गेलं की दातांची बैठक वाकडी आहे म्हणून हे होतं, सहा दाढा थोड्या घासू, वर कॅप घालू, दात खाणं बंद होईल. ऐकायला फार तर्कशुद्ध वाटतं. एके काळी हीच समजूत सर्वत्र होती: वरखाली दात नीट बसत नाहीत, म्हणून जबडा रात्री ते घासून सारखे करू पाहतो. आता कल असा की हे सगळं मेंदूकडून, झोपेच्या चढउतारातून येतं. घासलेलं इनॅमल परत उगवत नाही, आणि कॅप घातल्या तर रात्री त्या खायच्या, पोर्सेलीनचा टवका उडवायचा. माझ्या डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "तडा गेलेल्या दाढेला कॅप लागेल, कारण तिला धरून ठेवायला हवं. बाकीच्या पाच दाढांनी काय गुन्हा केलाय?"

आधी कॅप, मग गार्ड. उलट केलं तर दाढेचा आकार बदलल्यावर ती गार्डवर नीट टेकत नाही.

माप देणं हा प्रकार मी विसरणार नाही. घोड्याच्या नालेसारख्या धातूच्या ट्रेमध्ये गुलाबी, कणकेसारखं मिश्रण भरलं आणि वरच्या जबड्यावर दाबलं. ते मागे टाळूकडे सरकायला लागलं तशी मला उमळ आली. "पायाचा अंगठा हलवा. नाकाने श्वास घ्या. अंगठा, अंगठा." मी अंगठा हलवत राहिलो, डोळ्यांतून पाणी, आणि मिनिटभरात ते घट्ट होऊन ओढून काढताना 'प्लॉप' असा आवाज. हल्ली पुष्कळ ठिकाणी पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवून माप घेतात. उमळ येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

दहा दिवसांनी गार्ड आलं. पाण्याच्या थेंबासारखं स्वच्छ, नालेच्या आकाराचं, मागच्या बाजूला 2 मिलीमीटर जाड. मला वाटलं, बसवलं की घरी. पण खरं काम तिथे सुरू झालं. दातांमध्ये निळा कागद धरायचा, पातळ कार्बनसारखा. "टकटक करा." मी टकटक. बाहेर काढलं तर डाव्या मागच्या कोपऱ्यात निळ्याचा डाग गडद, उजवीकडे फिकट, पुढे काहीच नाही. डाग जिथे गडद तिथे गिरमिटाने किंचित घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा टकटक. प्रूफ तपासण्यासारखंच: एक खूण, एक दुरुस्ती, पुन्हा वाचन. आठव्या-नवव्या फेरीला दोन्ही बाजूंना सारखे बारीक ठिपके उमटले, जणू कुणी शाईच्या टाकाने ओळीने टेकवलेले. मग लाल कागद. "आता जबडा बाजूला सरकवा." या वेळी ठिपक्यांऐवजी रेघा. मागच्या दाढांवरच्या रेघा त्यांनी सगळ्या काढून टाकल्या आणि फक्त सुळ्यांपाशी उतार ठेवला. जबडा बाजूला गेला की सुळा त्या उतारावर चढतो आणि मागच्या दाढा आपोआप सुटतात. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब, तो तिरपा भार सोसतो. पाऊण तास गेला. तयार गार्डमध्ये नेमका हा पाऊण तास नसतो.

"याने दात आवळणं थांबेल?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही आवळणारच. फक्त दातांऐवजी हे झिजेल, आणि जोर एका दाढेवर पडण्याऐवजी सगळीकडे वाटला जाईल."

पहिल्या आठवड्याचं काय सांगू. लाळ इतकी की उशीवर नकाशा. दोन रात्री गार्ड सकाळी पांघरुणात सापडलं, केव्हा काढून फेकलं पत्ता नाही. बोलायची तर सोयच नाही. 'चहा'मधला च कसाबसा निघायचा, पण 'चमचा'मधला च, 'जोर'मधला ज हे दाताला घासून निघणारे आवाज गार्डवरून घसरून 'श' आणि 'झ'च्या मधे कुठेतरी पडायचे. बायको मुद्दाम दिवा घालवल्यावर प्रश्न विचारायची. सकाळी काढलं की दहा मिनिटं वरखालचे दात एकमेकांना ओळखायचे नाहीत, मग बसायचे जागेवर. ही दहा मिनिटं तासावर गेली किंवा दात दिवसभर बसेनात तर लगेच या, असं मला बजावलं होतं. तसं झालं नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गार्डशिवाय तोंड ओकंबोकं वाटायला लागलं.

आणि मग मी ते उकळत्या पाण्याने धुतलं. जंतू मरतील म्हणून. त्या रात्री डावी बाजू बसेचना, कवच कणभर वाकलं होतं. पुन्हा गुलाबी कणीक, पुन्हा पायाचा अंगठा. तेव्हापासून साधं पाणी, मऊ ब्रश, आणि टूथपेस्ट मुळीच नाही, कारण पेस्टने ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत घाण बसते. ठेवायची डबी भोकं असलेली.

गार्ड दिलं त्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी एक काम दिलं होतं, जे मी दोन महिने केलं नाही. "दिवसा काय करता ते बघा." दिवसा? दिवसा मी जागा असतो. दात आवळले तर कळणार नाही का मला?

नाही कळत. चघळणं, गिळणं धरून दिवसभरात दात एकमेकांना टेकतात ते सगळं मिळून वीसेक मिनिटं, असं त्यांनी सांगितलं होतं. एरवी ओठ मिटलेले, पण आत वरखालच्या दातांत दोन-चार मिलीमीटरची फट, जीभ वर, 'न' म्हणताना टेकते तिथे. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका चिकटवला. नजर गेली की तपासायचं: दात टेकलेत की सुटे? पहिल्या दिवशी कागदावर रेघा मारत गेलो. संध्याकाळपर्यंत बत्तीस तपासण्या झाल्या, त्यांपैकी सव्वीस वेळा दात टेकलेले. टेकलेले म्हणजे नुसते नाहीत, दाबलेले.

आठवडाभर रेघांच्या बाजूला मी त्या क्षणी काय करत होतो तेही लिहिलं. फोनवर बोलताना सुटे. जिना चढताना सुटे. वाचताना टेकलेले. आणि वाचतानाही नेमकं कधी, तर चूक सापडायच्या क्षणी. 'आणि'ला दीर्घ णी दिसली की कच्. 'परिस्थिती'ची पहिली वेलांटी दीर्घ दिसली की कच्. एका लेखकाने आख्ख्या पुस्तकात 'दुरुस्ती' चार तऱ्हांनी लिहिली होती. त्या पुस्तकाच्या दिवसांत माझा डावा गाल संध्याकाळी बोटाला दगडासारखा लागायचा. राग म्हणावा तर मला राग येत नव्हता. जबडा माझ्या आधी चूक वाचत होता.

मग मी मोठ्याने 'न' म्हणून जीभ तिथेच ठेवायची सवय लावली. जीभ त्या जागी असली की दात दाबणं अवघड जातं, करून बघा. कामाच्या खोलीतून दर दहा मिनिटांनी "न" ऐकू यायला लागलं तेव्हा घरच्यांनी काळजीने डोकावून पाहिलं. तीन महिन्यांनी पुन्हा रेघा मारल्या: तीस तपासण्यांत नऊ. यामुळे रात्रीचं आवळणं कमी होईल असं वचन डॉक्टरांनी दिलं नव्हतं, दिवसाचं आणि रात्रीचं हे दोन वेगळे प्रकार धरतात. पण संध्याकाळचा गाल मऊ झाला, हे मी बोटाने सांगू शकतो.

रात्रीच्या बाजूने त्यांनी बरेच प्रश्न विचारले होते. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, झोपूनही थकल्यासारखं वाटतं का? कारण झोपेत श्वास अडकणाऱ्यांना आधी त्याची तपासणी हवी; काहींना वरच्या जबड्यावरच्या गार्डने तो त्रास वाढू शकतो. कोणती औषधं चालू आहेत? नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी जबडा आवळला जाऊ शकतो, पण म्हणून त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. दारू, तंबाखू, कॉफी? माझी कॉफी निघाली, रात्री नऊची. स्नायू सैल करणारं बोटॉक्स टोचायचाही मार्ग असतो, त्याचा परिणाम काही महिन्यांनी उतरतो. मला त्याची गरज त्यांना वाटली नाही, मलाही वाटली नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. झोप काही सेकंदांपुरती हलकी होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यानंतर जबड्याचे स्नायू आवळतात. म्हणजे जबडा शेवटी येतो. दीड वर्ष मी उशा बदलत होतो.

परवा गार्डला चौदा महिने झाले. डॉक्टरांनी गार्ड चिमट्यासारख्या मापकात धरलं. उजवीकडे 1.8 मिलीमीटर. डावीकडे 1.4, आणि तिथे नखाला लागेल अशी एक लांबट खाच.

"एवढा दात गेला असता?" मी विचारलं.

"एवढा नाही. दात याहून कितीतरी कठीण असतो. पण हे मला पुन्हा बनवता येतं."

"डावीकडेच का?"

"कोणत्या कुशीवर झोपता?"

"डाव्या."

त्यांनी ते लिहून घेतलं, बाकी काही बोलल्या नाहीत. दाढेच्या सगळ्या उंचवट्यांवर काडी ठेवून "सोडा" म्हणून झालं, पाय खुर्चीवरच राहिला. निळा कागद, दोन ठिकाणी किंचित घासणं, आणि सहा महिन्यांनी या.

बाहेर नवा छापील फॉर्म भरायला दिला. पहिलाच रकाना होता: 'दातदूखी आहे का?' दीर्घ दू. जबड्याचा डावा कोपरा टरारला. मी जीभ 'न'वर टेकवली, खिशातून लाल पेन काढलं आणि उकार ऱ्हस्व केला.